कोशाचं टोक

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. चहूकडे धानाच्या बांध्या आणि गावात कोशाचं काम. जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर मंडळी कोशाच्या अळ्या वाढवतात. तयार कोसे गावात येतात, बाया ते शिजवून धागा काढतात आणि कोष्टी तो मागावर चढवतात. काठावर करवतीचे दाते असलेली करवती साडी ती हीच. तिचं अंग कोशाचं आणि काठ सुती. अंग आणि काठ एकमेकांत अडकवण्यासाठी विणकराला तीन धोटे फिरवावे लागतात. या कापडाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मागांची संख्या घटतच गेली. पोट भरायला माग पुरेना, तेव्हा माणसं धानाच्या मजुरीकडे वळली. घरातली मोठी माणसं वळली की पोरीही वळतात. आपली गोष्ट या पोरींची आणि त्यांच्या शाळेत आलेल्या मॅडमांची आहे.

पहिल्या आल्या त्यांना आपण थोरल्या मॅडम म्हणू. मनाने मोठ्या आणि कामाला वाघ. त्या आल्या तेव्हा शाळेतला मुला-मुलींचा मीना राजू मंच फक्त रजिस्टरमध्ये होता. दरवर्षी 24 सप्टेंबरला मीना दिन यायचा, रांगोळी निघायची, फोटो काढून वर पाठवला जायचा आणि वर्षभराचं काम झालं असं समजलं जायचं. थोरल्या मॅडमनी आल्या आल्या मुला-मुलींना गोल बसवलं आणि विचारलं, "ही मीना कोण, ठाऊक आहे का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. युनिसेफने 1990च्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी चित्रकथा काढल्या, त्यातली ही पोर. भावाचं नाव राजू, पोपटाचं मिठू. राजू शाळेत जायचा, मीनाला घरकामाला ठेवलेलं. तिने मिठूला शाळेच्या खिडकीशी पाठवलं. मिठू तिथे ऐकायचा आणि घरी येऊन तिला पाढे म्हणून दाखवायचा. पुढे घरच्या कोंबड्यांतली एक चोरीला गेली, ते मीनाच्या लक्षात आलं. कारण तिला मोजता येत होतं. मग आईबापांनी तिला शाळेत घातलं. पोरींना ही गोष्ट इतकी आवडली, की कितीतरी दिवस त्या मैदानावरच्या चिमण्यासुद्धा मोजत होत्या.

तिथून थोरल्या मॅडमचं राज्य सुरू झालं. पोरींची अडचण कोणतीही असो, उत्तर त्यांच्याकडे तयार. जुलै लागला, बांध्यांत चिखलणी झाली, पऱ्हे उपटून रोवणीचा हंगाम आला की वर्गातले मुलींचे बाक रिकामे व्हायचे. थोरल्या मॅडम स्कूटी काढायच्या, घरोघर जायच्या, आईबापांची समजूत घालायच्या आणि पोरींना परत आणायच्या. लांबच्या टोल्यांवरून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. त्याचे सगळे अर्ज मॅडम स्वतः भरायच्या. शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं काढायचं असेल तर फॉर्म त्याच भरायच्या, पोरीने फक्त सही करायची. नळावर पोरं चिडवतात अशी तक्रार आली की मॅडम जाऊन पोरांना असं झापायच्या की आठवडाभर नळावर शांतता. सॅनिटरी पॅड त्यांच्या कपाटात असायचे आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली 10 जीवनकौशल्यं त्यांनी पेंटरकडून व्हरांड्याच्या भिंतीवर लिहून घेतली होती: स्वतःची ओळख, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, नीट बोलता येणं आणि बाकीची. अक्षर सुंदर होतं. तालुक्याहून साहेब आले, भिंत पाहून खूश झाले, मॅडमना प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांच्या कष्टाचंच होतं, त्यात काही खोट नव्हती.

मग त्यांची बदली झाली.

निरोपाच्या दिवशी अख्खी शाळा रडली. मॅडम रडल्या, पोरी रडल्या, वाढायला आलेल्या ताईसुद्धा पदर डोळ्याला लावून उभ्या. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीला पॅड हवा होता. कपाटाला कुलूप. किल्ली कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. ती पोर दप्तर पाठीमागे घट्ट धरून मधल्या सुट्टीतच घरी गेली.

जुलै आला. रोवणी सुरू झाली. बाक रिकामे झाले. स्कूटी आली नाही.

त्याच महिन्यात नव्या मॅडम रुजू झाल्या. हजेरीपट चाळला तर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग. मागच्या मॅडमचं नाव त्यांच्या कानावर आलंच होतं. म्हटलं, आपणही तसंच करू. संध्याकाळी त्या पहिल्या घरी गेल्या. ते एका विणकराचं घर होतं. आठवीतली मुलगी चार दिवसांपासून शाळेत नव्हती.

अंगणात तिची आजी बसली होती. पुढ्यात राखेच्या पाण्यात शिजवलेल्या कोशांचं भांडं. आजी चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरून उघड्या मांडीवर धागा वळत होती. बोटांना बघावं लागत नव्हतं. शेजारी धाकटी नात बसली होती, असेल सात-आठ वर्षांची. तिच्या हातात एक कोसा. त्यावरची गुंतलेली जाळी ती सोलत होती आणि खरं टोक शोधत होती. टोक लागायचं, दोन वीत धागा निघायचा आणि तुटायचा. पुन्हा शोधायची.

"आजी, थोरली नात कुठे आहे?"

"रोवणीले गेली बांधीत."

"तिला शाळेत पाठवा ना. अभ्यास बुडतो."

"पाठवन ना. तुमी म्हनता तं उद्या पाठवन." आजीचा हात थांबला नाही. "मागच्या मॅडमलेबी हाव म्हनत होतो आमी. दरसाली याची, दरसाली आमी हाव म्हनायचो. अवंदा कोनी आलं नाई, तं कोनी पाठवलं नाई."

मॅडम ओशाळल्या. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आजी, दे ना काढून टोक!"

आजीने मान हलवली. मॅडमने पाहिलं, की आजीने डावा हात मुद्दाम मांडीखाली दाबून धरला होता. नात चाचपडत होती आणि मदतीला धावू पाहणारा हात आजी स्वतःच अडवत होती.

"द्या ना तिला काढून. लहान आहे," मॅडम म्हणाल्या.

"मी काढून देलं तं आजचा धागा निघंल. उद्या मी नसली तं? टोक तिच्याच बोटाले सापडलं पायजे. येक डाव सापडलं का मंग बोटं इसरत नाईत." आजी जराशी हसली. "मागची मॅडम लय चांगली होती बाई. पन समद्याइचं टोक तिच्याच हातात होतं. ती गेली अन् धागे तुटले."

मॅडम घरी आल्या तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. शनिवारी मंचाच्या तासाला त्यांनी जाहीर केलं, "आजपासून तुमचे अर्ज तुम्ही लिहायचे. तुमचं म्हणणं तुम्ही मांडायचं. मी मध्ये पडणार नाही."

पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

जे व्हायचं तेच झालं. ढिवरांच्या टोलीवरच्या मुलीने पासचा अर्ज स्वतः भरला. जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख आणि शाळेच्या शिक्क्याच्या जागी स्वतःची सही. अर्ज परत आला. तिचा बाप तेव्हा रानात. अळ्या झाडावर असल्या की पाखरं टिपतात, म्हणून राखायला दिवसदिवस झाडाखाली बसावं लागतं. अर्ज दुरुस्त करून द्यायला घरात कुणी नाही, मग पोर रोज चालत शाळेत येऊ लागली आणि शेवटी येईनाशी झाली. सहावीतल्या एका लाजऱ्या मुलीला मॅडम म्हणाल्या, "नळावरच्या पोरांना तूच सांग." ती गेली, उभी राहिली, तोंडातून शब्द फुटला नाही. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी.

गावात बोलणं सुरू झालं. "आधीच्या मॅडम हातानं करायच्या. या मॅडम नुसतं सांगतात." नव्या मॅडमना ते लागलं. त्या तडक आजीच्या अंगणात गेल्या.

"आजी, तुमचं ऐकलं आणि दोन पोरी गमावल्या. मी काही हातात दिलं नाही. सगळं त्यांच्यावरच सोडलं."

आजीने काही न बोलता घरात जाऊन एक कोसा आणला. शिजवलेला नव्हता, रानातून आला तसाच होता. मॅडमच्या हातात ठेवला. "काढा धागा."

मॅडमने नखं लावली. कोसा दगडासारखा टणक. सोलायला गेल्या तर नख मोडलं. टोक तर लांबच, जाळीसुद्धा सुटेना.

"नाही निघत," त्या म्हणाल्या.

"निघंल कसा? कच्चा हाय." आजीने कोसा परत घेतला. "टोक काढून देऊ नोको म्हनलं मी. शिजवू नोको असं कवा म्हनलं? राख मी आनतो, पानी मी तापवतो, कोसा मऊ होतपर्यंत मी राखन करतो. अन् पोरगी टोक शोधून राहिली का मी उठून जातो का? तिच्या बाजूलेच बसून रायतो. मागच्या मॅडमनं टोक काढून देलं. तुमी कच्चा कोसा देला. दोघीइनबी अर्धंच काम केलं."

मॅडम त्या रात्री उशिरापर्यंत जाग्या राहिल्या. पोरीला शिजवायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. भिंतीवरची 10 जीवनकौशल्यं त्यांनी रोज वाचली होती. 'समस्या सोडवणं' असं भिंतीवर लिहून समस्या सुटत नाही. ते हाताला आणि जिभेला सवयीचं व्हावं लागतं.

पुढच्या शनिवारी त्या आधी दोन घरी गेल्या. लाजऱ्या मुलीच्या आईजवळ बसल्या, ढिवरांच्या टोलीवर जाऊन आल्या. दोघी मुलींना म्हणाल्या, "चूक माझी. शिकवलं नाही आणि परीक्षा घेतली. या, आता शिकू." पोरी आल्या.

मग मंचाचा तास बदलला. मॅडमने फळ्यावर अर्ज लिहून दाखवला आणि पुसून टाकला. दिनांक कुठे, प्रति कुठे, विषय एका ओळीत कसा मांडायचा, महोदय लिहिल्यावर पहिल्या वाक्यात काय मागायचं. प्रत्येकीने खोटे खोटे अर्ज लिहिले: वर्गाची खिडकी मोडली म्हणून, कुत्रं चावतं म्हणून, आईने सहलीला पाठवावं म्हणून. सगळे हसत होते. हसता हसता हात बसत होता. मॅडमने एक गोष्ट मात्र घोकून घेतली. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच परत आणायची. "ज्याच्या हातात पोच, त्याच्या बोलण्याला वजन," त्या म्हणायच्या.

अर्जानंतर बोलणं. एक मुलगी बाप व्हायची, एक सरपंच, एक बँकेतले साहेब. बाप झालेली पोर कमरेवर हात ठेवून गरजायची, "शिकून काय कलेक्टर होणार का?" आणि समोरचीने उत्तर द्यायचं. पहिल्यांदा कुणालाच उत्तर सुचलं नाही. मॅडम गप्प बसल्या. त्यांचाही हात तेव्हा मांडीखालीच होता. तिसऱ्या शनिवारी लाजरी मुलगी, जिच्या तोंडातून नळावर शब्द फुटला नव्हता, हळूच म्हणाली, "कलेक्टर नाही झाले तरी हिशोब करता येईल ना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगेही मंचात होते. राजू नुसता नावाला नसतो, हे मॅडमनी त्यांनाही समजावलं. एकदा एका मुलाला मुलगी केलं आणि नळावर उभं करून बाकीच्यांना चिडवायला लावलं. त्याचा चेहरा लाल झाला. नळावरचा प्रश्न त्या दिवशी अर्धा सुटला. उरलेला अर्धा लाजऱ्या मुलीने सोडवला. दुसऱ्या दिवशी तीच पुढे होऊन म्हणाली, "आधी आमच्या कळशा, मग तुमच्या बाटल्या." पोरं बाजूला झाली.

कपाटाची किल्ली आता खिळ्याला टांगलेली असायची आणि पॅडचा हिशोब नववीतल्या दोन मुलींकडे. नववीतल्या प्रत्येक मुलीला सहावीतल्या दोघी नेमून दिल्या. ती त्यांची ताई. त्यांना अर्ज लिहायला ताईने शिकवायचं, पण लेखणी हातात घ्यायची नाही, असा मंचाचा नियम ठरला. नियम पोरींनीच केला होता.

एकदा एकीने विचारलं, "मॅडम, तुम्हीपण बदलीवर गेल्या तर?"

तेव्हा नव्या मॅडमनी जाईबाई चौधरींची गोष्ट सांगितली. जाईबाई आपल्या नागपूरकडच्या, दलित घरातल्या. पोटासाठी डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईने त्यांना पाहिलं, लिहायला-वाचायला शिकण्याची वाट दिली, शाळेत शिकवायची नोकरीही मिळवून दिली. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून लोकांनी गदारोळ केला आणि ती नोकरी गेली. मिशनरी बाईने दिलेली नोकरी लोकांना काढून घेता आली. जाईबाईंनी शिकलेलं काढून घेता आलं नाही. 1920च्या दशकात त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उभी केली. मिशनरी बाईंनी एकट्या जाईबाईंना शिकवलं, आणि त्यातून किती घरांच्या पोरी शिकल्या.

पुढच्या जुलैत पुन्हा रोवणी आली. सगळ्यांच्या नजरा मॅडमच्या स्कूटीकडे लागल्या. मॅडम कुणाच्या घरी गेल्या नाहीत. आदल्या शनिवारी त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता: "रोवणीत शाळा कशी टिकवायची?" उत्तर पोरींनी काढायचं होतं.

आजीची थोरली नात घरी गेली. बाप खड्ड्याच्या मागावर बसला होता, पाय खाली पायट्यांवर, हातात धोटा. ती शेजारी बसली, म्हणाली, "बाबा, आपल्या घरच्या बांधीत रोवणी आहे तेवढे दिवस मी येते. रविवारीही येते. पण गुत्त्याने दुसऱ्याच्या बांधीत नाही जाणार. तेवढे दिवस मला शाळेला द्या. दहावीत गणित राहिलं तर पुढं सगळं राहतं."

बापाने धोटा खाली ठेवला. त्याला तिने घातलेली वाटणी विचित्र वाटली, पण हिशोब बरोबर होता. म्हणाला, "बरं. पण घरची रोवणी आटपल्यावरच."

"हाव," ती म्हणाली.

पुढे तिने मॅडमना सांगितलं, "तुम्ही आला असतात तर बाबांनी मान डोलावली असती आणि तुम्ही गेल्यावर विसरले असते. मला हाव म्हणाले, तर आता रोज मलाच तोंड दाखवायचं आहे त्यांना."

सगळ्याच बापांनी ऐकलं असं नाही. काही पोरी बांधीत गेल्याच. त्यांच्यासाठी मंचाने 'मिठू' नेमले. जी शाळेत आली तिने संध्याकाळी शेजारच्या, शाळा बुडालेल्या मुलीकडे जायचं आणि दिवसभरात काय शिकवलं ते सांगायचं. चिखलाचे पाय धुवून, चुलीजवळ बसून गणित व्हायचं. मिठू झालेल्या पोरींना उलट फायदा झाला. दुसरीला समजावून सांगताना आपल्याला काय कळलं नाही ते कळतं.

बसचा प्रश्न मात्र मोठा निघाला. लांबच्या टोल्यांवरच्या मुलींची संध्याकाळची बस शाळा सुटायच्या वेळीच निघून जायची. पुढची बस अंधाराची. आयांचा जीव टांगणीला, म्हणून मुली आठवीनंतर गळायच्या. पोरींनी अर्ज लिहिला, पोच आणली. उत्तर आलं, की त्या बसला पुढे दुसरी फेरी आहे, वेळ बदलता येत नाही.

पोरी हिरमुसल्या. मॅडम म्हणाल्या, "आता काय?" आणि गप्प बसल्या.

ढिवरांच्या टोलीवरची मुलगी, जिने पहिल्या अर्जात जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहिली होती, तिने विचार केला. ग्रामसभेच्या आधी बायांची महिला सभा भरते. आपण अठरा वर्षांच्या नाही, तिथे आपलं मत धरलं जाणार नाही. पण आई बोलू शकते. चार-पाच जणींनी आपापल्या आयांना घरी बसवून बोलणं शिकवलं. शनिवारी शाळेत जसं व्हायचं तसंच, फक्त या वेळी लेक शिकवत होती आणि माय शिकत होती. एक माय पहिल्यांदा लाजून पदरात तोंड लपवून हसायला लागली, दुसऱ्यांदा बोलली.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ती माय उभी राहिली. हातात लेकीच्या अर्जाची पोच. म्हणाली, "बस बदलत नाई म्हनते. मंग शाळा धा मिनिटं आधी सुटली तं चालते का?"

सभेत क्षणभर कुणी बोललंच नाही. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बस हलवायची की शाळा हलवायची, एवढाच प्रश्न होता, आणि सगळे बसच्याच मागे लागले होते. ठराव झाला. मुख्याध्यापकांनी बसच्या मुलींना शेवटच्या तासातून दहा मिनिटं आधी सोडायला होकार दिला. तेवढ्या वेळचा अभ्यास मिठू देणार होतेच.

वर्षं गेली. नव्या मॅडमचीही बदली झाली. गावात लोक म्हणाले, "झालं. आता पुन्हा सगळं खाली." निरोपाला पोरी या वेळीही रडल्या, कारण माणूस जातं तेव्हा रडू येतंच.

पुढे तिसऱ्या मॅडम रुजू झाल्या. पहिल्याच शनिवारी त्या शेवटच्या तासाला वर्गात गेल्या, तर मुली आणि मुलं आधीच गोल बसलेली. मध्ये सातवीतली एक मुलगी रजिस्टर उघडून उभी. तीच, जी पूर्वी नळावर गप्प राहिलेल्या मुलीच्या हाताखाली शिकली होती. म्हणाली, "मॅडम, आमच्या मंचाची बैठक आहे. आज दोन विषय आहेत. तुम्ही आमच्यासोबत बसाल का?"

तिसऱ्या मॅडम बसल्या.

तात्पर्य: मुलीला बळ द्यायचं असेल तर तिची तयारी करून घ्यावी. ती चाचपडत असेल तोवर शेजारी बसावं. पण तिचं काम तिच्या हातून काढून घेऊ नये, आणि तयारी न करता तिच्यावर टाकूनही देऊ नये. मदत खरी होती की नाही, हे मदत करणारा समोर असताना कळत नाही, तो गेल्यावर कळतं.